चित्त्याच्या पोटावरचा हिंग

प्रिय आई,

आज सकाळी दहा वाजता आफ्रिकेतून फोन यायचा आहे. आत्ता पावणेनऊ झालेत. कामावर मला सध्या जायचं नाही (का, ते पुढे सांगते), घरात लक्ष लागत नाही, दोनदा चहा केला आणि दोन्ही कप ओट्यावर तसेच गार झाले. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून लिहायला बसले. तू होतीस तेव्हा एक पत्र लिहिलं नाही. कॉलिंग कार्ड खरवडायचं, नंबर दाबायचा आणि 'बरी आहेस ना, जेवलीस ना' करून ठेवून द्यायचं. आता माझा फोन कायमचा बंद झाल्यावर हिला कागद आठवला, असं म्हणशील. म्हण, ऐकून घेते.

विषय गुंड्याचा आहे.

हो, तोच, तुझा गुंड्या. आमच्या चित्ता-केंद्राच्या कागदांवर तो नुसता 'मेल सात' आहे, म्हणजे नर क्रमांक सात. नाव तू ठेवलंस, ठेवू नको म्हणून चारदा सांगितलं तरी ठेवलंस. तो आता सव्वातीन वर्षांचा झाला. तू गेलीस त्यानंतर आठ महिन्यांनी त्याला विमानाने दक्षिण आफ्रिकेला पाठवलं. आधी तीन महिने मोठ्या कुंपणात ठेवलं आणि गेल्या जानेवारीत तिथल्या एका खाजगी राखीव जंगलात मोकळं सोडलं. कॅनडाच्या बर्फात, पिंजऱ्यात जन्मलेला चित्ता! तुला हे सांगायला मी किती उतावीळ झाले असते, तुला कल्पना आहे ना?

असा पिंजऱ्यात जन्मलेला चित्ता जंगलात जगायचा तर त्याला मुख्य दोन गोष्टी याव्या लागतात. एक म्हणजे शिकार आणि दुसरी म्हणजे माणसापासून लांब राहणं. शिकार तो महिन्याभरात शिकला. पहिली दोन हरणं हुकली, तिसरं धरलं आणि मग सुटलाच. मारीके नावाची एक बाई तिथे या सोडलेल्या चित्त्यांवर लक्ष ठेवते. तिने ईमेलमध्ये लिहिलं होतं की इतका चांगला पळणारा तिने दुसरा पाहिला नाही. तो ईमेल मी प्रिंट करून फ्रिजवर लावला. माझं प्रगतिपुस्तक तू कधी फ्रिजवर लावलं नव्हतंस, ते सोड.

अडलं ते दुसऱ्या गोष्टीवर.

मार्चमध्ये मारीकेचा ईमेल आला की मेल सात अधूनमधून दुपारी कर्मचाऱ्यांच्या स्वयंपाकघराजवळ येऊन बसतो. हल्ला करत नाही, काही पळवत नाही. कुंपणाबाहेर, पन्नासेक पावलांवर बसतो आणि नाक वर करून बघत राहतो. त्यांना वाटलं, मांसाच्या वासाने येत असेल. म्हणून त्यांनी मांस दुसरीकडे हलवलं. तरी येतोच. मग कुणीतरी वार लिहून ठेवायला लागलं, तर तो यायचा मंगळवारी आणि शुक्रवारी. आणि गंमत म्हणजे त्या दोन दिवशी तिथे मांस शिजतच नाही, असं मारीकेने लिहिलं. हा जगातला पहिला शाकाहारी चित्ता असेल, असंही लिहिलं.

मी ते वाचून हसले, आई. खरंच हसले. दुपारी त्याच ईमेलचं उत्तर लिहिताना मधेच थांबले आणि ते दोन वार पुन्हा वाचले.

मी मारीकेला विचारलं, या दोन दिवशी काय शिजतं? ती म्हणाली, डाळ. तिथे नवी स्वयंपाकीण आली होती, डरबनची, मूळची तामीळ, मिसेस नायडू. मंगळवारी-शुक्रवारी ती मांस खात नाही आणि शिजवतही नाही. मग मी विचारलं, त्या डाळीत ती काय काय घालते? मारीके हसत म्हणाली, "एक पिवळी पावडर आहे तिच्याकडे, डबा उघडला की आम्ही सगळे बाहेर पळतो."

पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तुझा तो हिवाळा आठवतो ना? तू सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होतीस, माझं लग्न जमवायला. स्कारबरोला दर रविवारी देशी ग्रोसरीला जायचं, कढीपत्ता निवडता निवडता कुणाच्या तरी आईशी ओळख काढायची आणि परत येताना गाडीत मला मुलाची माहिती द्यायची, हा तुझा कार्यक्रम. बाकी सहा दिवस तू माझ्यासोबत केंद्राच्या आवारातल्या या छोट्या क्वार्टरमध्ये अडकलेली. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ, आणि त्यापलीकडे चित्त्यांची कुंपणं. "डॉक्टर व्हाले पाठवली अन् ही मांजरं राखून राहिली," असं तू तुझ्या लाडक्या लेकाला, शेखरला, फोनवर सांगायचीस, मला ऐकू जाईल अशा आवाजात. नागपूरची व्हेटरनरीची पदवी इथे चालत नाही, परत परीक्षा द्याव्या लागतात, हे मी तुला किती वेळा समजावलं? तू मान हलवायचीस आणि पुन्हा तेच म्हणायचीस.

आणि जानेवारीत तो झाला. एकटाच. चित्तिणीला एकच पिल्लू झालं की तिला पुरेसं दूध येत नाही आणि ती बहुतेकदा त्याला टाकून देते. तसंच झालं. दर तीन तासांनी बाटलीने पाजायचं म्हणून त्याची पेटी मी आमच्या प्रमुखांच्या, म्हणजे डगच्या परवानगीने घरी आणली. अट एकच होती, हात फक्त माझा लागायचा. तू लांबून बघायचं. कमीत कमी माणसांचा हात लागलेलं पिल्लूच पुढे जंगलासाठी निवडतात, हेही मी तुला सांगितलं होतं. तू "बरं" म्हणालीस. तुझ्या 'बरं'चा अर्थ मला चाळीशीला आल्यावरही कळू नये, याला काय म्हणावं?

दहाव्या दिवशी त्याचं पोट फुगलं. डब्यातलं दूध बाधलं असणार. व्हेट येऊन गेला, थेंब देऊन गेला, पुन्हा आला. पिल्लू पाखरासारखं चिवचिवत होतं आणि थांबतच नव्हतं. चार रात्री मी जागीच होते. पाचव्या दिवशी दुपारी सोफ्यावर टेकले आणि मेल्यासारखी झोपले.

जागी झाले ती शांततेने. चिवचिव थांबली होती. मला वाटलं, गेलं. धावत स्वयंपाकघरात आले तर तू फरशीवर पाय पसरून बसलेली, गल्लीतल्या निम्म्या पोरांना न्हाऊ घातलंस तशी. पायांवर तो, उताणा. पोटावर बेंबीभोवती हिंगाचा कोमट लेप आणि त्यावरून तुझा अंगठा गोल गोल फिरतोय. तो डोळे मिटून घुरघुरत होता, शिवणयंत्र चालावं तसा.

मी ओरडले. तू वरही बघितलं नाहीस. "वारा धरला होता पोटात. लेकरू कुंथून राहिलं अन् तू पुस्तकं वाचून राहिली."

"आई, तो चाटेल ते! मांजराच्या जातीला हिंग चालतो का, मला माहीत नाही!"

"म्हणून तर बांधून राहिली ना," म्हणालीस, आणि जुन्या पातळाचा तुकडा त्याच्या पोटाभोवती गुंडाळून गाठ मारलीस. त्याने एकदाचं पोट मोकळं केलं, दूध प्यायला आणि झोपला. तूही तिथेच भिंतीला टेकून झोपलीस. मी दोघांकडे बघत उभी राहिले.

तेव्हा थांबवायला हवं होतं मी. एकदा झालं ते झालं, आता पुरे, असं म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. पुढचा दीड महिना रोज दुपारच्या बाटलीनंतर तू त्याला पायावर घेतलंस, आणि मी रोज नोंदवहीत 'हाताळणारी व्यक्ती' या रकान्यात माझंच नाव लिहिलं. 'अंगाला लावलेली औषधं' या रकान्यात 'नाही' लिहिलं. अडीच महिन्यांनी तो दुसऱ्या पिल्लांमध्ये गेला आणि त्यांच्यात मिसळला. मला वाटलं, सुटलो.

तुला मी बजावलं होतं, हे कुणाला सांगायचं नाही. तू रागावलीस. "मी काऊन सांगतो कोणाले? मी का रेडिओ आहो?" तुझ्या पोटात काही राहत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक, म्हणून मला धाकधूक होती. पण तू दोन वर्षं खरंच गप्प राहिलीस. फोनवर फक्त विचारायचीस, "तो कसा आहे?" एकदा पेपरमधलं कात्रण पोस्टाने पाठवलंस, आपल्या देशात चित्ता परत आणायचं चाललंय म्हणून, आणि कोपऱ्यात पेनाने लिहिलंस, 'आपल्याकडचा देता येईल का?' त्याचं उत्तर मी दिलं नाही. कामात होते. आता कुठल्या कामात होते तेही आठवत नाही.

तुझ्या वेळी मी तेराव्याला पोचले, आणि तिथे मला एक कोडं पडलं. गल्लीतल्या बायका माझ्याकडे फार प्रेमाने बघत होत्या. हात हातात घेत होत्या. शेवटी देशमुख काकूंनी मला आतल्या खोलीत नेऊन हळूच विचारलं, "मुलाला नाही आणलं? आई सांगायची व, कॅनडात मला नातू आहे, पण बोलायचं नाही म्हणायची. आम्ही कोणी बोललो नाही. तू चिंता करू नको."

आई, अगं काय हे! पण मी काय सांगणार होते त्यांना? 'नाही' म्हटलं असतं तर तुझं बोलणं खोटं पडलं असतं, आणि खरं सांगितलं असतं तर माझी नोंदवही खोटी पडली असती. मी म्हटलं, "लहान आहे, प्रवास झेपला नसता." काकूंनी डोळे पुसले. त्या गल्लीत मी आता कायमची एका मुलाची आई आहे. त्यावरून शेखर अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी मार्चचा तो ईमेल बघत बसले होते. लगेच सांगितलं का? नाही. तीन आठवडे गप्प बसले. सांगितलं तर नोकरी जाईल, हे एक. पण खरं कारण दुसरंच होतं. मिसेस नायडू सुट्टीवर जातील, हिंग संपेल, तो आपोआप विसरेल, असं मी रोज स्वतःला समजावत होते. मंगळवार आला की मला जेवण जात नव्हतं. आणि तो दर मंगळवारी येतच होता. आधी पन्नास पावलांवर बसायचा, मग तीस, मग कुंपणाला लागून.

मग जंगलाच्या मालकाने सांगून टाकलं. कर्मचाऱ्यांची लहान मुलं तिथेच अंगणात खेळतात. या महिन्याअखेरपर्यंत हा चित्ता यायचा थांबला नाही तर त्याला बेशुद्ध करून परत कुंपणात घ्यायचं, कायमचं. पुन्हा सोडायचं नाही. पर्यटकांना दाखवायला चांगला आहे, माणसाळलेला आहे, असं तो म्हणाला म्हणे. आई, तो माणसाळलेला नाही. एका माणसाचा आहे, आणि ते माणूस आता नाही.

दुसऱ्या दिवशी मी नोंदवही घेऊन डगच्या ऑफिसात गेले. डग साठीचा आहे, कमी बोलतो, तुला तो आवडायचा कारण तू दिलेला लाडू त्याने मुकाट्याने खाल्ला होता. मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "हे खोटं आहे."

"कुठलं?"

"ही सगळी दीड महिन्याची पानं. मी एकटी नव्हते. माझी आई त्याला रोज पायावर घ्यायची."

"तुझी मॉम? साडीवर स्नोबूट घालणारी?"

"हो."

मी सगळं सांगितलं. हिंग म्हणजे काय, बाळांच्या पोटाला का लावतात, तेही. तो ऐकत होता. मग म्हणाला, "आणि लागू पडलं?"

"हो."

"त्या आठवड्यात मी व्हेटला तीनदा बोलावलं होतं." त्याने वहीची दोन पानं उलटली. "वैशाली, हे तू तेव्हाच लिहिलं असतंस तर त्याला आपण आफ्रिकेला पाठवलंच नसतं. कळतंय ना तुला?"

"कळतंय. म्हणूनच लिहिलं नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने नोंदवही बंद करून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली आणि सांगितलं की चौकशी होईपर्यंत मी कुंपणांकडे फिरकायचं नाही. "पण आधी मारीकेला फोन कर. इथून. माझ्यासमोर."

मारीकेला मी एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "आता सोपं आहे ना? त्या बाईंना हिंग वापरू नका म्हणा."

ती म्हणाली, नाही. आज हे स्वयंपाकघर बंद केलं, उद्या दुसऱ्या लॉजमध्ये कुणी पाहुणा डबा उघडेल. पलीकडच्या शेतावर कुणाच्या घरी डाळ शिजेल, हा तिथे जाईल, आणि तो शेतकरी बंदूक घेऊन बाहेर येईल. "वास काही बंद करता येत नाही. त्या वासाची त्याला भीती बसली पाहिजे."

पद्धत तिने समजावली. एका पोत्याला हिंग चोळायचा, पोतं झाडाला बांधायचं आणि माणसांनी लपून बसायचं. तो जवळ आला की भोंगा, फटाके, पाण्याचा जोराचा फवारा, सगळं एकदम. रोज. वास आला की पळून जायचं, हे त्याच्या अंगात मुरेपर्यंत.

मग तिने विचारलं, "तुझ्याकडे तोच आहे का? तुझ्या आईचाच? जितका तोच असेल तितकं बरं."

होता माझ्याकडे. फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत, तू तव्यावर भाजून कुटून ठेवलेला. वास बाहेर येत नाही म्हणून तू ती डबी निवडलीस आणि तरी सगळी कपाटं घमघमायची. तू गेल्यापासून मी तो फोडणीला घातला नाही. दुकानातला आणते. ही डबी मी कधीतरी नुसती उघडायची आणि झाकण लावून ठेवायची. अर्धा काढून ठेवावा असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? चमचासुद्धा घेतला हातात. पण पाच-सहा दिवस पुरायला हवा होता. अख्खी डबी दिली. तीन पिशव्यांत गुंडाळूनही कुरिअरच्या काउंटरवरची मुलगी दोन पावलं मागे सरकली. आत काय आहे, असा फॉर्मवर प्रश्न होता. मी 'मसाला' लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

डबी परवा पोचली. आज पहिला दिवस. सगळं आटोपलं की मारीके तिकडच्या चारला फोन करणार, म्हणजे आपल्या सकाळी दहाला.

आता दहाला पाच मिनिटं आहेत. मला नाना शंका येतायत. घाबरून भलतीकडे पळाला आणि पाय मोडला तर? चित्त्याचे पाय काटकुळे असतात. एकदा मोडला की जंगलात संपलंच. भोंग्याची भीती बसली आणि वासाची बसलीच नाही तर? की इतका घाबरेल की शिकारच सोडून देईल? आणि आई, दुसरी एक भीती आहे, ती कुणाला सांगितलेली नाही. त्याने पोत्याकडे ढुंकूनही बघितलं नाही तर? हिंगाचा काही संबंधच नसला, मी उगाच तीन वर्षं ही गोष्ट छातीशी धरून बसले असले तर? त्यात तर माझी काळजी मिटायला हवी, बरोबर ना? मग ते मला का नको आहे?

थांब. फोन वाजतोय.

सव्वाअकरा झाले. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

मारीकेने सुरुवातीपासून सांगितलं, मीच सांगायला लावलं. तो तिकडच्या तीनला आला. लांबून, झुडपांमधून नाक वर करून सरळ चालत. आजूबाजूला बघतही नव्हता, आणि जंगली चित्ता तसा कधी चालत नाही. पोत्यापाशी आला, हुंगलं, एक फेरी मारली. मग पोत्याला पाठ लावून आडवा झाला, आणि वळून उताणा पडला. पोट वर करून. मारीके वीस पावलांवर भोंगा घेऊन बसली होती. ती म्हणाली, "त्याने डोळे मिटले. माझ्याच्याने दाबवेना. मी किती वेळ नुसती बसले, मला सांगता येणार नाही."

मग दाबला. सगळं एकदम झालं. भोंगा, फटाके, पाणी. तो जागेवरून उडालाच. शंभर-दीडशे पावलं एका दमात गेला आणि झुडपांत शिरला. पाय शाबूत आहेत, हे मी आधी विचारलं.

मी म्हटलं, "म्हणजे जमलं ना?"

ती म्हणाली, "वीस मिनिटांनी तो परत आला."

"कुठे?"

"पोत्यापाशीच. ओलाचिंब, थरथरत. सरपटत आला आणि त्यात तोंड खुपसून बसला."

आई, तो घाबरला आणि घाबरल्यावर तुझ्याकडेच आला. लेकरू दुसरीकडे कुठे जाणार होतं?

मारीकेने विचारलं, "उद्या परत करू का? तू सांग. तुला थांबवायचं असेल तर मी समजू शकते. मालकाचं कुंपण तयार आहे. मोठं आहे, खायला मिळेल, म्हातारा होईपर्यंत जगेल. हवं तर पोतंही आत ठेवू." तिने हे मायेनेच म्हटलं. आणि मला क्षणभर दिसलंच ते, तो पोत्याला टेकून झोपलेला, कुणी भोंगा वाजवत नाही. मी 'ठेवा' म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं.

मग मला त्याचा तो हुकलेल्या हरणाचा व्हिडिओ आठवला, तिने फेब्रुवारीत पाठवलेला. हुकल्यावर तो धापा टाकत उभा होता आणि समोर कुठवर तरी नुसतं गवत होतं. एवढी मोकळी जमीन आपण दोघींनी मिळूनसुद्धा त्याला दाखवली नसती.

मी मारीकेला म्हटलं, "उद्या कर. आणि थांबू नकोस. तो आडवा व्हायच्या आधी दाब."

तिने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंडावर टॉवेल धरून रडले, भिंतीपलीकडे डगचं ऑफिस आहे म्हणून.

तुला राग येईल. ज्या हाताने पोर वाचवलं त्या हाताच्या वासाला त्याने भ्यावं म्हणून पोरीने तिथे फटाके लावायला सांगावेत? येऊ दे राग. तुझ्यापायी तो जगला. माझ्या खोट्यापायी तो तिथवर पोचला. पुढचं निस्तरायचं माझ्या वाट्याला आलंय, आणि ते मला तुझ्याशिवाय करावं लागतंय.

वचन देते तुला. डबी संपेपर्यंत मी एकदाही 'थांब' म्हणणार नाही, मारीकेला दाबवेना झालं तरी आणि मला ऐकवेना झालं तरी. नोंदवहीतली सगळी पानं मी नव्याने लिहून देईन, रोजच्या रकान्यात तुझं नाव, काय लावलं त्याचं नाव. नोकरी राहो न राहो. आणि नोव्हेंबरात त्याला बघायला जायचं मनात होतं, ते मी सोडलं. माझ्या घराला, माझ्या हातांना तोच वास आहे. मी तिथे कधीच जाणार नाही.

आता तुझं काम राहिलं, आणि ते तुला जड जाणार आहे. उद्या दुपारी तो परत तुझ्याकडे येईल. त्याला जवळ घेऊ नकोस.

तुझी,
वैशू